घरच्यासारखी माणसं : वेल्समधल्या एका हवेलीचा हिशेब

"आमच्या वाड्यात गडीमाणसांना कधी परकं मानलं नाही, ती घरच्यासारखीच होती." हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! वाड्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत, दिवाळी अंकांत, वारसा-सहलींच्या जाहिरातींत. त्यावर आपण प्रश्न विचारला की उत्तरही ठरलेलं असतं. तुम्हाला सगळीकडे शोषणच दिसतं, माया दिसत नाही.

ठीक आहे, मायेचंच उदाहरण घेऊ. तेही आपल्याकडचं नको. इथलं उदाहरण घेतलं की जातीचा प्रश्न लगेच येतो, समोरचा चिडतो आणि चर्चा तिथेच संपते. त्यामुळे थेट वेल्सला जाऊ. रेक्सम हे गाव आपल्या तरुणांना हल्ली फुटबॉल क्लबवरच्या मालिकेमुळे माहीत झालं आहे. त्याच्या दक्षिणेला साधारण तीन किलोमीटरवर एर्दिग नावाची जुनी हवेली आहे. इंग्लंड-वेल्समधल्या शेकडो सरदारी घरांत ही वेगळी समजली जाते, कारण इथल्या मालकांनी आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, त्यांच्यावर कविता लिहिल्या आणि ती चित्रं जपली. "नोकरांचा मान राखणारं घर" अशी तिची ख्याती आहे. मग या ख्यातीचा हिशेब तपासून पाहायला काय हरकत आहे?

घर बांधायला सुरुवात झाली १६८४ साली. बांधणारा जोशुआ एडिसबरी. दोनच वर्षांपूर्वी तो डेन्बीशायर परगण्याचा हाय शेरीफ झाला होता. पद मिळालं की त्याला शोभेल असं घर हवं, ही हौस सगळीकडे सारखीच. पण एडिसबरीची मिळकत हौसेला पुरेना. त्याने कर्ज काढलं आणि ज्यांच्याकडून काढलं त्यांतला एक होता एलिहू येल.

हे नाव ओळखीचं वाटलं असेल. अमेरिकेतलं येल विद्यापीठ त्याच्याच नावाचं. येल घराण्याचं प्लास ग्रोनो हे घर एर्दिगच्या शेजारीच होतं. एलिहू स्वतः मात्र त्या काळात तिथे नव्हता, तो मद्रासमध्ये होता. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून तो १६७२ साली मद्रासला पोचला आणि १६८७ ते १६९२ या काळात तिथल्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा प्रमुख होता. कंपनीच्या पगारात इतकी संपत्ती जमणं शक्यच नव्हतं. ती जमली खासगी व्यापारात, हिऱ्यांत आणि अधिकाराच्या खुर्चीत. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून कंपनीने शेवटी त्याला पदावरून काढलं. त्याच्याच काळात, १६८७ साली, मद्रासच्या कौन्सिलने ठरवलं की युरोपकडे निघणाऱ्या प्रत्येक जहाजावर किमान दहा गुलाम असलेच पाहिजेत. ही माणसं आपल्याच किनाऱ्यावरची. त्यांची जात, गाव, नाव कोणी लिहून ठेवलं नाही. दुष्काळात कोण विकलं जातं आणि कोणाला कोण विकतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

एर्दिगमध्ये आजही लाखेचं काम केलेला एक मोठा चिनी पडदा आहे. तो येलने मद्रासहून एडिसबरीच्या बायकोला भेट पाठवला, असं परंपरेने सांगितलं जातं. शेजारधर्म! पण पडदा पाठवणाऱ्याचं कर्जही डोक्यावर होतंच. १७०९ साली एडिसबरी दिवाळखोरीत गेला. येल १७२१ साली वारला आणि रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तिथे त्याची कबर पाहायला लोक आजही जातात. त्याच्या एका चित्रात तो श्रीमंती थाटात बसलेला आहे आणि कडेला एक काळा मुलगा उभा आहे, गळ्यात धातूचं कडं घातलेला. येल विद्यापीठाच्या संग्रहालयाने २०२० साली ते चित्र भिंतीवरून उतरवलं, त्या मुलाबद्दल संशोधन केलं आणि पुन्हा लावलं तेव्हा शीर्षकात त्या गुलाम मुलाचाही उल्लेख केला. तिथे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे चित्र जरूर पाहावं.

एडिसबरी बुडाल्यावर घर गेलं जॉन मेलरकडे. हा लंडनच्या चॅन्सरी न्यायालयातला मोठा अधिकारी, म्हणजे बुडालेल्यांची मालमत्ता कशी हाती येते हे कोळून प्यालेला माणूस. त्याने घराला दोन्ही बाजूंनी नव्या खोल्या जोडल्या, लंडनहून उत्तम फर्निचर आणलं. तो अविवाहित होता. १७३३ साली तो वारला आणि सगळं भाच्याला मिळालं. भाच्याचं नाव सायमन यॉर्क. इथून पुढे २४० वर्षं घर यॉर्कांकडे राहिलं आणि घराचा प्रत्येक धनी एक तर सायमन होता, नाही तर फिलिप. नाव पुढे चालवायचं म्हणजे किती चालवावं!

यातला पहिला फिलिप यॉर्क आपल्या विषयाचा नायक आहे. जन्म १७४३, मृत्यू १८०४. काही वर्षं खासदार होता. इतिहासाची आवड होती. १७९१ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याने डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून घरच्या कामकऱ्यांची सहा चित्रं करून घेतली. जेन एब्रेल ही घर झाडणारी मोलकरीण, चित्र काढलं तेव्हा ८७ वर्षांची, हातात झाडू. जॅक हेन्शॉ शिकाररक्षक. जॅक निकलस स्वयंपाकघरातला हमाल. एडवर्ड प्रिन्स सुतार. विल्यम विल्यम्स लोहार. टॉमस जोन्स खाटीक. प्रत्येक चित्रावर फिलिपने स्वतः जुळवलेल्या यमकांची कविता रंगवून घेतली. पुढच्या पिढ्यांनी ही प्रथा चालू ठेवली. कॅमेरा आल्यावर १८५२ साली नोकरांचे फोटो काढले, १९१२ साली पुन्हा सगळ्यांचा एकत्र फोटो.

हे मोठं काम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. अठराव्या शतकात झाडूवालीचं तैलचित्र काढून त्यावर तिचं नाव घालणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडच्या वाड्यांत पेशव्यांची, सरदारांची, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा चित्रं सापडतात. अंगण झाडणाऱ्याचं, मेलेलं ढोर ओढणाऱ्याचं चित्र नावानिशी भिंतीवर लावलेला वाडा मला तरी माहीत नाही. एर्दिगमुळे निदान जेन एब्रेल अडीचशे वर्षांनी आपल्याला चेहऱ्याने ओळखू येते.

पण चित्रं नीट पाहिली तर काही गोष्टी खटकतात. बहुतेक जण म्हातारे आहेत. म्हणजे आयुष्यभर राबून झाल्यावर मिळालेला हा मान आहे, निष्ठेचं प्रशस्तिपत्रक. प्रत्येकाच्या ओळखीला कामाचं हत्यार जोडलेलं आहे. आणि प्रत्येकाबद्दल जे काही लिहिलं आहे ते मालकाने लिहिलं आहे, मालकाच्या विनोदबुद्धीने, थोडी थट्टा करत. जेन एब्रेलला त्या कवितेबद्दल काय वाटलं? मालकाच्या स्वभावावर तिने चार ओळी रचल्या असत्या तर त्या कोणत्या भिंतीवर लागल्या असत्या? चित्रंही लागली ती नोकरांच्या जेवणघरात. दिवाणखान्यात यॉर्कच होते.

या संग्रहात आणखी एक चित्र आहे, वॉल्टर्सच्या चित्रांपेक्षा जुनं मानलं जाणारं. एक काळा तरुण, अंगावर गाडीवानाच्या पोऱ्याचा गणवेश, हातात शिंग. त्यावरची कविताही फिलिपचीच, घटनेनंतर दोन पिढ्यांनी लिहिलेली. तो त्यात सांगतो की या हबशाबद्दल आपल्याला फारशी माहिती नाही, तो इथे राहत होता आणि मेलरसाहेबांसाठी शिंग वाजवत होता, एवढंच. तो इथेच वारला, पण केव्हा आणि कसा हे आता फारसं कोणाला आठवत नाही.

आता हे पाहा. याच फिलिप यॉर्कने १७९९ साली वेल्सच्या राजवंशांवर एक जाडजूड पुस्तक छापलं. कोणत्या राजाला कोणती राणी, तिची मुलं किती, ती कुठे नांदली, याची शेकडो वर्षांची वंशावळ त्याने लावली होती. ज्या माणसाला सातशे वर्षांपूर्वीच्या राजांचे नातलग तोंडपाठ, त्याला वडिलांच्या मामाच्या घरात शिंग वाजवणाऱ्या पोराची माहिती मिळू नये? मिळाली नाही, कारण ती कोणी ठेवलीच नव्हती. वंशावळ ही मालमत्तेची असते. ज्याच्याकडे वारसाने द्यायला काही नाही त्याचा वंश कोण लिहिणार?

कवितेचा शेवट तर विचार करायला लावणारा आहे. जिथे काळ्या-गोऱ्याचा भेद संपतो तिथे आता देव या मुलाचा सोबती होवो, कारण कबरीच्या अलीकडे धनी आणि गुलाम यांच्यातला भेद फारच बळकट आहे, असा त्याचा आशय. फिलिप दुष्ट नव्हता, हे या ओळींवरून दिसतं. त्याला अन्याय कळत होता. पण त्याने समता कबरीच्या पलीकडे नेऊन ठेवली. अलीकडचं काय? अलीकडे तो स्वतः खासदार होता! बाबासाहेबांनी संतांबद्दल नेमकं हेच म्हटलं होतं. सगळी माणसं देवाच्या दृष्टीने समान आहेत असं संत सांगत राहिले, पण माणसामाणसांत समता हवी असा झगडा त्यांनी केला नाही, आणि देवाच्या दरबारातली समता कोणालाच त्रासदायक नसते. "जातिभेदनिर्मूलना"च्या वादातला हा मुद्दा वाचून एर्दिगच्या त्या चित्राकडे पाहिलं तर कविता वेगळी वाचायला लागते.

दुसरी गोष्ट बेट्टी रॅटक्लिफची. ही फिलिपची आई डोरोथी यॉर्क हिची खास मोलकरीण. चेस्टरच्या एका घड्याळजीची मुलगी, म्हणजे बारीक हातकाम तिच्या घरातच होतं. तिने १७६७ साली चिनी पॅगोड्याची एक प्रतिकृती केली, तीत अभ्रक आणि शिंपल्याचे तुकडे बसवले. १७७३ साली सीरियातल्या पाल्मायरा शहराच्या भग्न मंदिरांची प्रतिकृती केली. ती चित्रंही उत्तम काढत असे. या दोन्ही प्रतिकृती आज एर्दिगच्या मोलाच्या वस्तूंत गणल्या जातात आणि खुद्द यॉर्कांनी त्या कौतुकाने जपल्या.

फिलिपला तिच्याकडून आणखी कामं करून हवी होती. आईने त्याला पत्राने कळवलं, त्याचा मथितार्थ असा: आता तिने दुसरं कोणतंही मोठं काम हाती घ्यायचं नाही, तिची चित्रकला सुधारली तर नोकर म्हणून मला तिचा काही जास्त उपयोग होणार नाही.

ही बाई दुष्ट होती का? नव्हती. बेट्टी तिची लाडकी होती, आणि लाडकी असूनही हे पत्र लिहिलं गेलं. मालकिणीच्या नजरेत माणसाची बुद्धी मोजायचं माप एकच, माझ्या कामाला किती येते. शिकून ही हाताबाहेर गेली तर माझे केस कोण विंचरणार? "फार शिकून काय करणार, शेवटी आपलं कामच बरं," हे वाक्य आपल्या आयांना, आज्यांना कोणत्या चांगल्या घरांतून ऐकवलं गेलं ते आठवून पाहा. शिव्या देणाऱ्या मालकाशी भांडता येतं. प्रेमाने दार लावून घेणाऱ्याशी कसं भांडायचं?

मला या घराची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती एलन पेंकेथची.

दुसऱ्या फिलिप यॉर्कने १९०२ साली लुइसाशी लग्न केलं. नव्या मालकिणीने एलन पेंकेथला कामावर घेतलं. स्वयंपाक आणि घराची व्यवस्था ही दोन बायकांची कामं एकटी एलन करायची. दुकानदारांची बिलंही तिच्याच हातून चुकती व्हायची. १९०७ साली लक्षात आलं की बऱ्याच दुकानदारांचे पैसे थकले आहेत. मालकिणीने हिशेब एलनच्या डोक्यावर टाकला. आरोप होता सुमारे ५०० पौंडांच्या अफरातफरीचा, स्वयंपाकिणीच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढा. ज्या घराच्या तळमजल्यावर नोकरांची चित्रं टांगलेली होती त्या घराने आपल्या स्वयंपाकिणीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. रिथिनच्या न्यायालयात खटला चालला. ज्युरीने एलनला निर्दोष सोडलं.

ज्युरीने सोडलं, घराने नाही. एर्दिगच्या आठवणींत ती पुढेही "चोर स्वयंपाकीण" म्हणूनच उरली. न्यायालयाचा निकाल एक आणि घराची दंतकथा दुसरी. दंतकथा लिहिण्याचं साधन घराकडे होतं. डायरी लुइसाची, कविता फिलिपची, भिंत यॉर्कांची. त्या काळी नव्या नोकरीसाठी जुन्या मालकाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा आणि तो दाखला देण्याचं बंधन मालकावर नव्हतं. म्हणजे निर्दोष सुटलेली बाईसुद्धा कामातून उठलेलीच.

वस्त्यांमध्ये घरकामगार महिलांबरोबर काम करताना हीच गोष्ट मी वेगवेगळ्या नावांनी ऐकते. दहा वर्षं "ताई आमच्या घरचीच" असते. सणाला साडी असते, उरलेलं जेवण असतं, मुलांची जुनी पुस्तकं असतात. एक दिवस अंगठी सापडत नाही आणि पोलीस थेट वस्तीत येतात. अंगठी नंतर गादीखाली सापडते, ते सांगायला कोणी येत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण नोंदणी कर म्हटलं की बाई घाबरते, मालकीण काय म्हणेल? "आपल्यात कशाला कागद?" असं म्हणणारी मालकीणच तोंडाने गोड असते.

ब्रिटनमध्ये १९११ साली नॅशनल इन्शुरन्स कायदा आला तेव्हा हेच झालं. आजारपणाच्या विम्यासाठी घरनोकरांच्या नावे दर आठवड्याला तिकिटं चिकटवायची, काही पेन्स मालकाने भरायचे, काही नोकराने. एवढ्यावर खानदानी बायकांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी सभा भरवली. त्यांचं म्हणणं असं की मालकीण आणि नोकर यांचं जिव्हाळ्याचं नातं या तिकिटांनी बिघडेल. जिव्हाळा एवढा नाजूक होता की तो काही पेन्सांना घाबरत होता! कायदा तरी लागू झाला. पुढे १९२० साली बेकारीचा विमा मोठ्या प्रमाणावर वाढवला, तेव्हा मात्र खासगी घरांतल्या नोकरांना त्यातून वगळलं. घरच्यासारखी माणसं बेकार कशी होतील, नाही का?

एर्दिगचा शेवट कोळशाने केला. रेक्समचा सगळा परिसर खाणींचा. तिथून काही मैलांवर ग्रेसफर्डच्या खाणीत २२ सप्टेंबर १९३४ रोजी स्फोट झाला आणि २६६ माणसं गेली. फक्त ११ मृतदेह वर आले, बाकीचे खाणीतच राहिले. मेलेल्या कामगारांची पाळी पूर्ण झाली नाही म्हणून त्यांच्या मजुरीतून तेवढे पैसे कापून घेतले गेले, आणि खटल्यात कंपनीला दंड झाला १४० पौंड. एर्दिगच्या शेजारच्या बर्शम खाणीचे बोगदे तर हवेलीच्या खालूनच गेले. जमीन खचली आणि घर एका बाजूने सुमारे पाच फूट बसलं. वर चौथा सायमन यॉर्क वीजही न घेता, दारं लावून, एकेक खोली गळत असताना राहत होता. १९६६ साली तो गेला. त्याचा भाऊ फिलिप, तोही अविवाहित, त्याने १९७३ साली सगळं घर नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. सरकारी कोळसा मंडळाने नुकसानभरपाई दिली १,२०,००० पौंड. घराला भरपाई मिळते, हे ग्रेसफर्डच्या विधवांनी वाचलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल?

ट्रस्टने १९७७ साली घर लोकांना खुलं केलं तेव्हा एक वेगळी गोष्ट केली. भव्य पुढच्या दाराऐवजी पाहुण्यांना मागच्या अंगणातून आत घेतलं. आधी सुतारशाळा, लोहारशाळा, तबेला, धुण्याची जागा, स्वयंपाकघर, मग यॉर्कांचा दिवाणखाना. ब्रिटनमध्ये ही मांडणी नवीन होती आणि तिची पुष्कळ चर्चा झाली. आपल्याकडे वाड्यांची संग्रहालयं करणाऱ्यांनी निदान एवढं तरी उचलावं. मागच्या दाराने आत गेल्याशिवाय वाडा कळत नाही. मात्र मागच्या अंगणात कोणाला कुठपर्यंत येऊ देत होते, पाणी कोण आणि कसं वाढत होतं, हे सांगणारी पाटी लावायची हिंमत लागेल. एर्दिगमध्ये नोकर मालकाच्याच स्वयंपाकघरात शिजवत होते. आपल्याकडे काही माणसांना तो उंबरठासुद्धा नव्हता. म्हणून "घरच्यासारखी" हा शब्द आपल्या वाड्यांना तेवढाही बसत नाही.

आज एर्दिगमध्ये ३०,०००च्या आसपास वस्तू आहेत, कारण यॉर्कांनी काहीच फेकलं नाही. सगळ्यांची यादी झाली आहे, प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे. शिंग हातात धरलेल्या त्या मुलाच्या चित्रालाही क्रमांक आहे. खात्रीचं नाव अजून नाही.